झुबैदाचा डावा हात

४ मार्च, मंगळवार

दहाच्या कुरिअरने गुजरातहून पोतं आलं. आत आमचीच व्हॉल्व्ह बॉडी, दोन तुकड्यांत. फ्लँजच्या मानेपासून सरळ तडा. तिथल्या प्लँटच्या मेहुलभाईंचा फोन आधीच येऊन गेला होता. बसवताना बोल्ट आवळत होते आणि काचेसारखी तडकली, म्हणाले. लाइन रिकामी होती. ॲसिड सोडलेलं असतं तर, एवढं बोलून ते थांबले.

काचेसारखी. डुप्लेक्स स्टील काचेसारखं तडकत नाही. ते वाकतं, ताणतं, खूप वेळ नाही म्हणतं आणि मग तुटतं. पस्तीस वर्षं हेच तोडून पाहत आलेय. ह्या तुकड्याच्या तोंडावर खडीसाखरेसारखी चकाकी होती. बोट फिरवलं आणि मागे घेतलं.

सर्टिफिकेट काढलं. जानेवारीची हीट, म्हणजे भट्टीतला एक घाणा. टेस्ट बार तीस टक्के लांबला, मग तुटला. उत्तम. खाली सही माझी.

लॅबमधला माझा मदतनीस हेमंत म्हणाला, "मॅडम, फिटर लोक पान्याला पाइप लावून आवळतात. त्यांचीच गलती असणार." असेल. तसंच असावं असं मला फार वाटतंय.

५ मार्च, बुधवार

तुकडा कापला, घासला, पॉलिश केला. हे काम अजून मी कुणाला देत नाही. आरशासारखं झालं की मन शांत होतं, लहानपणी शाळेच्या चॅपलमधल्या पितळी मेणबत्तीदाण्या घासताना व्हायचं तसं.

मग ॲसिडने एचिंग करून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. सगळीकडे तपकिरी रंग. नकाशातल्या नद्यांसारखा, कणाकणाच्या मधून. सिग्मा.

हे स्टील भट्टीतून लालभडक निघालं की मिनिटाच्या आत पाण्यात बुडायला हवं. उशीर झाला की आत हा तपकिरी भाग धरतो. दुधावर साय धरते तसा, फक्त ही साय काचेची असते. म्हणजे बोल्ट जास्त आवळला वगैरे काही नाही. मुळात मालच ठिसूळ.

पण मग बार? त्याच हीटचा बार, त्याच टोपलीत, त्याच भट्टीत तापलेला, त्याच पाण्यात पडलेला. तो तीस टक्के कसा लांबला?

शितावरून भाताची परीक्षा, एवढंच आमचं सगळं शास्त्र. एका हीटच्या धातूतून माल ओतायचा, त्याच धातूचा एक बार ओतायचा, तो तोडायचा आणि मालाबद्दल शपथ घ्यायची. शित चांगलं आणि भात कच्चा असं होत नाही.

संध्याकाळी घरी ह्यांनी विचारलं, काय झालं. म्हटलं, काही नाही, डोळे दुखतायत.

६ मार्च, गुरुवार

तुटलेल्या बारचे तुकडे मी बिस्किटांच्या डब्यांत ठेवते. डब्यावर महिना, तुकड्यावर हीट नंबर. नियम पाच वर्षांचा आहे, माझ्याकडे त्याहून जुने आहेत. टाकवत नाहीत. हेमंत त्याला मॅडमचं म्युझियम म्हणतो.

जानेवारीचा डबा काढून तो तुकडा टेबलावर ठेवला. बारचा मधला भाग लेथवर गुळगुळीत करतात, टोकं मात्र ओतली तशीच राहतात. टोकावर पंचने ठोकलेला नंबर. सगळं बरोबर.

तेवढ्यात रुखसाना मेणाच्या खोलीचा तापमानाचा कागद सहीला घेऊन आली. रोजे चालू आहेत, ओठ सुकलेले, तरी हसत. ती गावाच्या कडेच्या भैरवगढची. बाटिकच्या गरम मेणात वाढलेली. दहाव्या वर्षापासून चादरींवर मेणाची रेघ ओढायची, इथे आली तेव्हा मेणाला हात लावून तापमान सांगायची आणि थर्मामीटर तिच्या मागून तेच सांगायचा. आमचा प्रत्येक नग आधी मेणाचा होतो. मग त्यावर मातीचे थर, मग मेण वितळवून काढायचं, मग त्या पोकळीत धातू. मेणावर केस पडला तर स्टीलवर केस उमटतो.

सही करेपर्यंत तिने बार उचलला, बोटांत फिरवला. म्हणाली, "ये तो झुबैदा का हाथ है."

कसं काय, विचारलं.

"सीवन देखो ना मॅडमजी. साच्याची शिवण आम्ही चाकूने तासतो ना. झुबैदा उल्ट्या हाताची. तिचा काट इधर को ढलता है. बाकी सबका उधर."

पाहिलं. खरंच, शिवणीवरचा तास उलट्या बाजूला उतरलेला. नखाएवढा. इतक्या वर्षांत मला कधी दिसला नाही.

मी हसले. म्हटलं, अगं, झुबैदा दिवाळीआधीच कोट्याला गेली नवऱ्याकडे, आणि हा बार जानेवारीचा.

"तो फिर जनवरी में आ के कर गई होगी. मिलने भी नहीं आई, बेवफा." असं म्हणून कागद घेऊन गेली.

मी तो तुकडा हातात घेऊन किती वेळ बसले माहीत नाही. चहा आला तो गार झाला.

८ मार्च, शनिवार

महिला दिन. मालक अरविंदरावांनी दरवर्षीसारखे गुलाब वाटले, केक कापला. त्यांच्या घराण्यात शिंद्यांच्या वेळची कारकुनी. ती सोडून गावाबाहेर मक्सी रोडला भट्टी टाकणारा हा पहिलाच माणूस. पहिली हीट ओतली तेव्हा आम्ही दोघं आणि तीन कामगार होतो. शेडला पत्रेसुद्धा नव्हते. आज माझ्याबद्दल बोलले, ताईंची सही म्हणजे आमचा हॉलमार्क. टाळ्या. मी केक खाल्ला.

नंतर रुखसानाला माझ्या खोलीत बोलावलं. सप्टेंबरपासूनच्या डुप्लेक्सचे सगळे तुकडे नंबर खाली करून मांडले. तिला काहीच सांगितलं नाही. म्हटलं, कोणाचा हात कोणता, सांग.

तिला गंमत वाटली. ही शमा, घाई करते, शेवट जाड सोडते. ही सुनीता. ही मी. ही झुबैदा. झुबैदा. पंधरा मिनिटांत ढीग लावले. भैरवगढमध्ये चादर पाहून कुठल्या घरच्या बाईचा हात ते ओळखतात, हे तर लोखंड आहे, म्हणाली.

ती गेल्यावर नंबर पाहिले. झुबैदाच्या ढिगात सप्टेंबर-ऑक्टोबरचे बार, ते ठीक. आणि पाच नंतरचे. दोन नोव्हेंबर, एक डिसेंबर, दोन जानेवारी.

मेणाचे नग जपून ठेवले असतील, नंतर वापरले असतील. हे मीच मला सांगितलं. पण आपल्याकडे मेणाचा बार दोन आठवड्यांवर ठेवत नाहीत, वाकतो. हा नियमही मीच केलाय.

१० मार्च, सोमवार

सकाळी लॅबमध्ये कुणी यायच्या आत पाचही तुकडे स्पेक्ट्रोमीटरवर लावले. क्रोमियम, निकेल, मॉलिब्डेनम, नायट्रोजन. पाच हीट, पाच वेगवेगळे दिवस, भट्टीवर वेगवेगळी माणसं. आकडे दुसऱ्या दशांशापर्यंत एक. परत लावले. तेच.

पाच घरांच्या आमटीत मीठ असं मोजून सारखं पडत नाही. ही एकच हीट आहे. ऑक्टोबरची, खूप चांगली निघालेली. मला ती हीट आठवते. बार तोडून झाल्यावर मी स्वतः म्हटलं होतं, ह्याला फ्रेम करून लावा.

ऑक्टोबरचे जास्तीचे बार कुणीतरी नंबर न ठोकता ठेवून दिले. लागतील तसे काढले, नवा नंबर ठोकला आणि लॅबमध्ये तोडले. मी आकडा वाचला, सही केली.

बारवर नंबर ठोकायचा पंच एकाच माणसाच्या ड्रॉवरमध्ये असतो. लिहीत नाही. उद्या विचारीन.

त्या पाच हीटमधून एकसष्ट व्हॉल्व्ह बॉडी मेहुलभाईंकडे गेल्या. एक तडकली. साठ कुठेतरी आहेत. त्यांच्यातून गरम ॲसिड जातंय, खालून माणसं जातायत.

११ मार्च, मंगळवार

हेमंतला जेवणाच्या सुट्टीत विचारलं. मुद्दाम नाही, धीरच तेव्हा झाला. त्याने डबा उघडला होता. मी पाच तुकडे त्याच्यापुढे ठेवले आणि एवढंच म्हटलं, हे एकाच हीटचे आहेत.

तो नाही म्हणाला नाही. डबा बंद केला.

सगळं सरळ सांगितलं. दिवाळीच्या सुट्टीनंतर पाण्याच्या टाकीवरच्या क्रेनची मोटर जळली. तात्पुरती दुसरी लावली, ती हळू. तापलेली टोपली भट्टीतून काढून पाण्यात जायला तीन-चार मिनिटं लागायची. पहिल्याच हीटचा बार बारा टक्क्यांवर तुटला. पुढचा नऊ.

"मग थांबवलं का नाहीस?"

"अरविंदरावांना मोटरचं सांगितलं. नवी मोटर येतेय, म्हणाले, आठ दिवसांत. आठाचे अडीच महिने झाले."

"मला?"

"तुम्ही पुण्याला होतात. मुलीच्या बाळंतपणाला."

"आल्यावर?"

त्याने डबा बाजूला सारला. मग म्हणाला, "आल्यावर तुम्ही सगळ्यांना पेढे वाटलेत, नातीचे फोटो दाखवलेत. मग सह्यांचा गठ्ठा पुढे ओढलात. मला वाटलं, उद्या सांगू. मग मोटर आली, बार चांगले यायला लागले, मग सांगायचं राहूनच गेलं."

राहूनच गेलं. किराणा आणायचा राहतो तसं.

मी म्हटलं, हेमंत, तू बार बदललास. चोवीस वर्षं माझ्या हाताखाली काढलीस आणि बार बदललास. हे करावं असं तुला सुचलं तरी कसं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. नवलच होतं, मी असं काय विचारतेय म्हणून.

"मॅडम, पहिला बार बदलायला तुम्हीच सांगितलं होतं."

मी म्हटलं, कधीच नाही.

"मी नवा होतो तेव्हा. तुम्ही म्हणालात, बार वाईट आहे, धातू नाही. दुसरा लाव."

मी पुन्हा कधीच नाही म्हटलं आणि उठून आले. माझ्यावर ढकलतोय. ह्या मुलाच्या लग्नात मी करवलीसारखी फिरले आहे.

१२ मार्च, बुधवार

कारखान्यात गेले नाही. ताप म्हणून कळवलं.

माळ्यावरून जुन्या रोजनिश्या काढल्या. शाळेत सिस्टर फ्लोराने सवय लावली, रोज चार ओळी, खोटं लिहायचं नाही. तेव्हापासूनच्या आहेत. हेमंत लागला त्या वर्षाची, मग पुढच्या वर्षाची. दुपारी दोनपर्यंत वाचत होते. आई तेव्हा होती. मुलगी तिसरीत. वाचताना दोनदा विसरले की मी काय शोधतेय.

मग सापडलं. मे महिना. जसंच्या तसं उतरवते.

"हेमंतचा बार १९ वर तुटला. मुलगा रडवेला. तुटलेल्या तोंडात मातीचा कण दिसला, म्हटलं बार वाईट, धातू नाही. त्याच हीटचा दुसरा नव्हता, शेजारच्या हीटचा लावला. ३१. सगळे खूश. रात्री आमरस, आईने दोन वाट्या घेतल्या."

एवढंच. दोन ओळी धातूच्या, आणि मग आमरस.

कण खरंच होता का? असणार. मी खोटं लिहीत नाही. त्याच हीटचा दुसरा बार लावायला नियमाने परवानगी आहे. शेजारच्या हीटचा लावायला नाही. मला तेव्हाही माहीत होतं. इतकं क्षुल्लक वाटलं की त्याच ओळीत लिहून मोकळी झाले आणि नंतर कधी आठवलंसुद्धा नाही. त्याला आठवलं. एकोणीस वर्षांचा होता. त्या दिवशी तो माझ्याकडून काय शिकला ते मला आज कळतंय.

ह्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, एकदाच झालं ना. म्हटलं, माझ्याकडून एकदा.

१३ मार्च, गुरुवार. होळी

अरविंदरावांच्या केबिनमध्ये. दार लावून घेतलं. सगळं सांगितलं, मे महिन्याचंही. ते टेबलावरच्या कागदांची कड बोटांनी सारखी करत राहिले.

त्यांना बार बदलल्याचं माहीत नव्हतं. ह्यावर माझा विश्वास आहे. मोटरचं माहीत होतं. पण टोपली किती उशिरा पडते हे त्यांनी विचारलं नाही, एवढंच.

मग म्हणाले की नवे नग ओतू, सुधारित डिझाइन म्हणून पाठवू, हळूहळू जुने परत घेऊ. दोन महिने. कुणाला काही कळायला नको.

मी म्हटलं, दोन महिने ते लाइनवर राहणार.

"चार महिने चालतायत ना, ताई? एकच तडकला, तोसुद्धा बोल्ट आवळताना."

"काचेचा ग्लासही रोज चालतो, अरविंदराव."

त्यांनी चष्मा काढला. म्हातारे दिसले एकदम. मग विचारलं, कोणाकोणाला माहितेय. तुम्हाला, मला, हेमंतला, म्हटलं. आणि रुखसानाने तर शोधलंच.

"मेणवाली रुखसाना?" त्यांना हसू आलं असावं, ते तोंडावर येईपर्यंत विरलं. "लाखांची मशीनं घेतली आपण."

उठताना म्हणाले, "तुमचंच नाव जाईल. माझं नाही, त्या हेमंतचं नाही. कागदावर तुम्ही आहात." धमकी नव्हती ती. काळजीने बोलले. म्हणून जास्त लागलं.

येताना टावर चौकात होळीची लाकडं रचलेली. पुरण विकत आणलं, आयुष्यात पहिल्यांदा.

१४ मार्च, शुक्रवार. धुळवड

सुट्टी. बाहेर पोरं रंग खेळतायत, दार वाजवतायत. मी मेहुलभाईंना पत्र लिहीत बसले.

पहिला मसुदा इंग्रजीत दोन पानं. मला आवडला. कॉन्व्हेंटचं इंग्रजी कुठेतरी उपयोगी पडलं असं वाटलं. ह्यांना वाचायला दिला. सदतीस वर्षं बँकेत चौकशीचे कागद वाचलेला माणूस. चष्मा खाली करून म्हणाले, "ह्यात कुणी काहीच केलेलं नाही. सगळं आपोआप झालंय. त्रुटी आढळली, विलंब झाला, बार बदलले गेले. कोणी बदलले?"

मी चिडले. मग परत वाचलं.

सिस्टर फ्लोरा खोडरबर वापरू द्यायची नाही. चुकलं की एकच सरळ रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर लिहायचं. रबराने खोडलेलं दिसलं की आख्खं पान परत. मला तेव्हा दुष्टपणा वाटायचा.

दुसऱ्या मसुद्यात हेमंतचं नाव होतं. तिसऱ्यात काढलं. चौथ्यात परत घातलं. न घालणं म्हणजे त्याला वाचवणं की स्वतःला चांगलं दाखवणं, ठरेना.

शेवटी अर्धं पान झालं. त्या पाच हीटचे बार त्या हीटचे नव्हते. माल ठिसूळ आहे. सर्टिफिकेटवर सही माझी आहे आणि ती चुकीची आहे. बार बदलण्याची पद्धत माझ्या विभागात माझ्यापासून सुरू झाली. साठही नग ताबडतोब काढा, ते निघेपर्यंत त्यांच्याखालून माणसं जाऊ देऊ नका.

"माझ्यापासून" शब्दावर पेन किती वेळ थांबलं. हेमंतचं नाव घातलं नाही. बरोबर केलं की नाही, माहीत नाही.

१५ मार्च, शनिवार

हेमंतला पत्र दाखवलं. तो उभ्याने वाचून म्हणाला, "माझं नाव नाही ह्यात."

म्हटलं, तुझं तू सांगायचं. ते विचारतीलच.

त्याने मान हलवली. मग म्हणाला, राजीनामा आणलाय. म्हटलं, तो नंतर. आधी एकसष्ट नगांचे नंबर, कुठल्या पेटीतून कधी गेले, सगळी यादी कर. एका तासात केली. हात चालू असला की तो बरा असतो. मीही.

११.१० ला पाठवलं. ११.२५ ला मेहुलभाईंचा फोन. म्हणाले, "मॅडम, सर्टिफिकेट पर साइन आपकी है ना?" हो म्हटलं. "मैं आपकी साइन देख के माल खोलता भी नहीं था."

ह्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

एकोणीस नग त्यांच्या स्टोअरमध्ये होते, ते आजच बाजूला काढले. एक्केचाळीस बसवलेले.

दुपारी अरविंदराव लॅबच्या दारात. आत आले नाहीत.

"पाठवलंत?"

"हो."

"मला दाखवायचं तरी."

"दाखवलं असतं तर तुम्ही पाठवू दिलं नसतं."

"नसतंच दिलं," म्हणाले, आणि थोडा वेळ तिथेच उभे राहून गेले.

१७ मार्च, सोमवार

अरविंदरावांनी माझा सह्यांचा अधिकार काढून घेतला. लेखी. चौकशी होईपर्यंत. बरोबर आहे, त्यांच्या जागी मी असते तर मीही काढला असता. डुप्लेक्सचा सगळा माल गेटवर थांबवलाय, तोसुद्धा त्यांनीच, मी न सांगता. खाली त्यांची सही वाकडी आली आहे.

सकाळपासून गेटपासून भट्टीपर्यंत सगळ्यांना कळलेलं. कुणी माझ्याकडे बघत नाही, किंवा फार बघतात.

रुखसाना आली. कागद नव्हता हातात. दारात उभी राहून विचारलं, "मॅडमजी, मेरी वजह से कारखाना बंद होगा क्या?" मेणाच्या खोलीत बायका तिच्याशी बोलत नाहीयेत. सुनीता म्हणाली म्हणे, जास्ती होशियारी दाखवायची काय गरज होती.

मी म्हटलं, तुझ्यामुळे नाही गं. ती म्हणाली, मी तर फक्त झुबैदाचा हात ओळखला, मला काय मालूम होतं. तिला जवळ घ्यावंसं वाटलं. घेतलं नाही, खोलीला काच आहे, सगळे बघत होते. आता वाटतं घ्यायला हवं होतं.

नंतर मेणाच्या खोलीत गेले आणि सगळ्यांसमोर सांगितलं की चूक लॅबची आहे, माझी आहे, आणि हिने ती पकडली. शमाने चाकू खाली ठेवला, मग परत उचलला.

कारखाना बंद होईल का, ह्याचं उत्तर मात्र दिलंच नाही मी.

१९ मार्च, बुधवार. रंगपंचमी

गावात रंगाची मिरवणूक, गेर, निघालेली, देवास गेटपासून रस्ते बंद. फिरून गेले कारखान्यात. अर्धे लोक नाहीत.

मेहुलभाईंची माणसं एकेक नग काढतायत. आम्ही दोघं इकडे यादीवर. नंबर आला की हेमंत रेघ मारतो. त्याने शनिवारी रात्री मेहुलभाईंना स्वतः फोन करून आपलं नाव सांगितलं. मला आज त्यांच्याकडून कळलं. तो बोललाच नाही.

काढलेल्यांपैकी तीन नगांवर त्यांनी तिथेच हातोडा मारून पाहिला. तिन्ही फुटले. फोटो आलाय. हेमंतने पाहिला, फोन उलटा ठेवला आणि बाहेर गेला. परत आला तेव्हा चेहरा धुतलेला. मीही फोटो नीट पाहू शकले नाही. त्यातल्या एका नगाच्या मागे शिडी दिसते, शिडीवर कुणाचे तरी बूट.

संध्याकाळपर्यंत चाळीस निघाले. एक राहिला.

२० मार्च, गुरुवार

शेवटचा नग सापडत नाहीये. नंबर यादीत आहे, जागेवर नाही. कुणीतरी मधल्या काळात हलवून दुसरीकडे बसवला, नोंद नाही.

साडेबाराला मेहुलभाईंनी फोन त्यांच्या शिफ्टच्या माणसाला दिला. आवाज तरुण, मागे यंत्रांची घरघर. म्हणाला, टँकर भरायच्या जागेजवळ एक आहे, आकार तोच. पण वरून रंगाचे दोन हात. नंबर दिसत नाही. दुसऱ्या कंपनीचाही असू शकतो, तिथे त्यांचे जास्त आहेत. लाइन गरम आहे, रंग खरवडायला जवळ जाता येत नाही. बंद करायची तर ॲसिड आत गोठतं, पूर्ण युनिट दोन दिवस थांबतं. आणि वरच्यांना काय कारण लिहू, विचारलं.

मी हेमंतकडे पाहिलं. त्याने मान हलवली, म्हणजे त्यालाही माहीत नाही. एवढ्या सगळ्या मशीनांतलं एकही मला इथून सांगू शकत नाही.

"मॅडम, आप बोलो. आपका ही है, पक्का?"

म्हटलं, पक्कं नाही.

"तो?"

"तो भी बंद करो. माझं नाव लिहा. लिहा की मी सांगितलं, खात्री नसताना सांगितलं."

पलीकडे कुणाशी तरी बोलला, गुजरातीत, हात माउथपीसवर. मग "एक मिनट" आणि फोन कट.

दोन वाजत आले. अरविंदराव दोनदा येऊन गेले. आता आत येऊन बसलेत, माझ्या समोरच्या स्टुलावर. मेहुलभाई उचलत नाहीत. प्लँटचा नंबर लागत नाही; लाइन बंद केली की नाही, कळत नाही. हेमंतने यादीतल्या त्या ओळीखाली पट्टी धरलीये, रेघ न मारता.